मी खोलीत आलो की तो पुस्तक मिटतो

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे वडील सांगली जिल्ह्यातले. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत, सेमी इंग्रजी वर्गात. वडील नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन करतात, घरी यायला रात्रीचे आठ होतात. गेल्या दिवाळीत त्यांनी मुलासाठी थोरामोठ्यांच्या चरित्रांचा बारा पुस्तकांचा संच आणला. त्यातलं एकच पुस्तक उघडलं गेलं आणि तेही सतराव्या पानावर अडकलं. पण जेवणं झाली की मुलगा न सांगता आत्याच्या खोलीत जातो. आत्या त्याला एका भित्र्या राक्षसाची गोष्ट वाचून दाखवते. हा राक्षस गावाला घाबरवायला निघतो आणि दर वेळी कशाला तरी स्वतःच घाबरून गुहेत परत येतो, कधी झुरळाला, कधी शिट्टी वाजवणाऱ्या कुकरला. दोघं पोट धरधरून हसतात. पुस्तक आता चौथ्यांदा सुरू आहे. इकडे वर्गातल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलंय की मुलगा वाचताना अडखळतो. वडील विचारतात: घोडा झालेल्या मुलाला अजून वाचून दाखवायचं का? असल्या खोट्या गोष्टी हसण्यावारी वाचून हाती काय लागणार? चरित्रांकडे त्याला वळवायचं कसं? पत्राची शेवटची ओळ: "मी खोलीत आलो की तो पुस्तक मिटतो." त्याखाली ता. क. : "बहीण म्हणते, एक दिवस तू वाचून दाखव. पण मला तसले आवाज काढता येत नाहीत."

दादा, तुमचं पत्र वाचलं आणि शेवटच्या ओळीपाशी थबकले. चरित्रं, मार्क, बाईंचा शेरा हे सगळं तुम्ही दोन पानांत सविस्तर लिहिलंय, आणि ही ओळ मात्र जाता जाता. मला ती सगळ्यांत जड वाटली. म्हणून मी उत्तर तिच्यासाठीच लिहिणार आहे. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं वाटेत येतील.

आधी एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या नजरेतून निसटलीय. तुमचा मुलगा रोज रात्री, कोणी हाक न मारता, पुस्तकासाठी एका खोलीत जातो. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत "पुस्तक दाखवलं की पळून जातो" अशी तक्रार असते. तुम्ही लिहिलंय, "त्याला वाचनाची गोडी लागत नाही." लागलीय की हो! तुम्ही आणलेल्या पुस्तकांची लागली नाही, एवढंच.

आता तुमचा मुख्य आक्षेप. हसण्यात काय शिकणं आलं?

रशियात कॉर्नेई चुकोव्स्की नावाचे मोठे बालसाहित्यिक होऊन गेले. लहान मुलं काय बोलतात, कशाला हसतात, हे ते वर्षानुवर्षं टिपून ठेवत. त्यातून 'दोन ते पाच' हे त्यांचं पुस्तक तयार झालं. त्यात त्यांच्या मुलीची एक आठवण आहे. पोर अजून दोन वर्षांचीही झाली नव्हती. एक दिवस ती त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, भूभू म्याँव! आणि हसायला लागली. चुकोव्स्कींनी आपल्यासारखंच केलं. म्हणाले, नाही गं, भूभू भो भो करतो. ती पुन्हा म्हणाली, भूभू म्याँव. पण या वेळी हसता हसता ती वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होती. आपण केलं ते चाललं का, की बाबा रागावले, हे तिला वडिलांच्या तोंडावर वाचायचं होतं. ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते म्हणाले, आणि कोंबडा म्याँव करतो! पोरीला एवढा आनंद झाला की विचारू नका.

चुकोव्स्कींनी यातून जे ओळखलं ते मला फार मोलाचं वाटतं. कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याँव करतं, हे जिला पक्कं ठाऊक झालंय, तीच कुत्र्याला म्याँव करायला लावून हसू शकते. ज्याला खात्री नाही तो गोंधळतो, त्याला हसू येत नाही. उलटंपालटं करून हसणं म्हणजे सुलटं नीट कळल्याची पावती असते. तुमच्या मुलाचा राक्षस घ्या. राक्षसाने घाबरवायचं असतं, त्याला सुळे असतात, गाव त्याला टरकून असतो, हे सगळं डोक्यात तयार असल्याशिवाय कुकरच्या शिट्टीने पळणारा राक्षस विनोदी वाटणारच नाही. हे दोन्ही नियम मनात एकाच वेळी धरून त्यांच्यातली फट बघायची, ही काही लहान बौद्धिक कसरत नाही. आणि दहा वर्षांच्या पोरालाही स्वतःची भीती असतेच. अंधाराची असेल, पोहायला उडी मारायची असेल, वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायची असेल. एवढा थोरला सुळेवाला बाबा जर झुरळाला घाबरतो, तर आपण घाबरलो म्हणून काही बिघडत नाही, हे तो राक्षस त्याला रोज रात्री सांगत असतो. तुम्ही किंवा मी ते समोर बसवून सांगितलं असतं तर त्याने मान खाली घातली असती.

तुमच्यासारखी शंका याआधी फार मोठ्या माणसांनाही आली आहे. चुकोव्स्कींची एक लांबलचक गोष्ट-कविता आहे. तिच्यातली मगर शहराच्या रस्त्यावरून फिरते, सिगारेट ओढते आणि तुर्की बोलते. 1928 साली लेनिन यांच्या पत्नी नादेझ्दा क्रुप्सकाया यांनी 'प्रावदा' या वर्तमानपत्रात तिच्यावर कडक टीका केली. मुलांना मगरीच्या खऱ्या जीवनाची माहिती द्यायची सोडून हे भलतंसलतं काय सांगताय, असा त्यांचा रोख होता. क्रुप्सकाया शिक्षणाच्या क्षेत्रातल्या जाणत्या बाई होत्या आणि मुलांचं भलंच त्यांना हवं होतं. तरीही रशियातल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या ती मगर पाठ केली.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' तुम्हाला कोणी सांगितली? आजीने असणार. एक म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत वाघोबा भेटतो, तर ती त्याला म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा. येताना भोपळ्यात बसून येते आणि आतूनच म्हणते, म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक. भोपळ्यात बाई मावते का? भोपळा बोलतो का? वाघ इतका बावळट असतो का? सगळं खोटं. पण दुबळं माणूस डोकं चालवून जबड्यातून सुटतं, हे त्यात आहे आणि तुम्ही ते चाळीस वर्षांनी विसरलेला नाही. कोणत्याही धड्याखालचा 'बोध' मला इतका आठवत नाही.

आणि हे हलकंफुलकं लिहिणारी माणसं हलकी नव्हती. विंदा करंदीकरांनी अॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं, 'फाउस्ट' आणि 'राजा लिअर' आणलं, अमृतानुभवाचं अर्वाचीनीकरण केलं. ज्ञानपीठ मिळालेल्या या माणसाने 1961च्या 'राणीची बाग'पासून पुढची कितीतरी वर्षं मुलांसाठी 'एटू लोकांचा देश', 'अजबखाना', 'पिशीमावशी आणि तिची दुनिया' अशी उलट्या जगाची, भुताखेतांची, खोखो हसवणारी पुस्तकं लिहिली. लिअर समजणाऱ्या माणसाला मुलांसाठी हे लिहावंसं वाटलं, यावर जरा विचार करा.

माझ्या घराच्या ओसरीवर मी एकोणीस वर्षं मुलांचं वाचनालय चालवलं. बंद करताना सगळी पुस्तकं जमिनीवर मांडली होती. चरित्रांचे कोपरे अजून टोकदार होते. आणि एक चेटकिणीचं पुस्तक होतं, त्याचं मूळ कव्हर कधीच गेलेलं. वर खाकी कागद, पाठीला दाभणाने तीनदा शिवलेलं, बेचाळिसाव्या पानावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा. त्या पानावर चेटकीण स्वतःच्याच जादूने बेडूक होते. कोणीतरी जेवता जेवता ते पान सोडू शकलं नव्हतं. तो ठसा कोणाचा, ते मला ठाऊक नाही, पण कोणत्याही वाचनस्पर्धेच्या प्रशस्तिपत्रापेक्षा मला तो प्रिय आहे. ते पुस्तक मी कोणाला दिलं नाही.

दहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायचं का? हो. अगदी निःशंकपणे हो.

यामागे समजायला सोपं कारण आहे. या वयात मुलाचे कान त्याच्या डोळ्यांच्या पुष्कळ पुढे असतात. जे पुस्तक तो स्वतः वाचायला गेला तर दुसऱ्या परिच्छेदात दमेल, ते ऐकताना त्याला सहज कळतं. मोठी वाक्यं, आडवळणाचे विनोद, 'तारांबळ उडाली', 'पाचावर धारण बसली' असे घरात रोज न वापरले जाणारे शब्दप्रयोग तो आधी कानाने उचलतो. मग कधीतरी ते छापलेले दिसतात तेव्हा ते ओळखीचे असतात. वाचून दाखवणं बंद केलं तर मुलाला त्याला जमेल तेवढंच, म्हणजे त्याच्या समजेपेक्षा लहान पुस्तक मिळतं, आणि मग तो कंटाळतो. "आता मोठा झालास, तूच वाच" या वाक्याने आपण पुष्कळ मुलांची वाचनाची वाट नकळत बंद करतो. सायकल शिकवताना तरी आपण कॅरिअर धरून थोडं पळतोच ना.

शिवाय या जातीची पुस्तकं मुळात दोघांत जन्मलेली आहेत. 4 जुलै 1862 रोजी होडीतून जाताना लुईस कॅरॉल यांनी तीन बहिणींना सांगितलेली गोष्ट पुढे 'ॲलिस इन वंडरलँड' हे पुस्तक झाली. तीच ॲलिस भा. रा. भागवतांनी 'जाईची नवलकहाणी' म्हणून आपल्याकडे आणली. स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांची मुलगी 1941 साली आजारी होती. तिने आईकडे 'पिप्पी लाँगस्टॉकिंगची गोष्ट सांग' असा हट्ट धरला. नाव मुलीने तिथल्या तिथे रचलेलं, आणि आईने त्या विचित्र नावाला शोभेल अशी घोडा उचलणारी मुलगी रचली. या गोष्टींत पहिल्या दिवसापासून एक सांगणारं मोठं माणूस आणि एक मध्येच "मग?" म्हणणारं मूल आहे. म्हणून त्या मोठ्याने वाचल्या की खुलतात. तुमची बहीण आणि मुलगा करताहेत ते त्या पुस्तकाचं योग्य वाचन आहे.

बाईंच्या शेऱ्याकडे येते, कारण तो मी उडवून लावणार नाही.

एकच पुस्तक चौथ्यांदा चालू आहे म्हणून तुम्ही वैतागलात. पण अडखळणाऱ्या मुलाला ओळखीच्या मजकुरासारखा आधार नाही. पुढे काय येणार हे माहीत असलं की सगळी शक्ती अक्षरांवर लावता येते, आणि हळूहळू वाक्य सलग येऊ लागतं. आपली देवनागरी या बाबतीत फार दिलदार आहे, जे लिहिलंय ते उच्चारता येतं. त्यामुळे गमतीच्या पुस्तकातली ती रचलेली अचाट नावं असतात ना, 'खडखडभुंकासुर' वगैरे, ती मुलांना अक्षर-अक्षर लावावीच लागतात. अंदाजाने ठोकून देता येत नाहीत. 'परिस्थिती' हा शब्द मूल पहिली दोन अक्षरं बघून सोडून देतं. राक्षसाचं नाव सोडून देत नाही, कारण ते पूर्ण म्हटलं तरच मजा आहे. जोडाक्षरांचा सराव यापेक्षा आनंदाने होत असलेला मी पाहिला नाही.

आणखी एक उपाय, माझा अतिशय आवडता. नाटकाची पुस्तकं आणा. रत्नाकर मतकरींची 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही बालनाट्यं वाचायलाही तितकीच मजेची आहेत. नाटकात ओळी लहान असतात. एक माणूस एक वाक्य बोलतो आणि थांबतो. अडखळणाऱ्या मुलाला समोर भिंतीसारखा परिच्छेद दिसत नाही, फक्त आपली पाळी दिसते. पात्रं वाटून घ्या. त्याला हवं ते त्याला द्या, आणि चेटकीणच हवी असणार, तर चेटकीण द्या. तो अडला तर शब्द सांगा आणि पुढे चला. "पुन्हा वाच, नीट वाच" नको. आणि आजीला प्रेक्षक करा, तिला आवडेल.

पण एक लक्षात ठेवा. तो 'भ' आणि 'म' यांत सारखी गल्लत करत असेल, ओळी सुटत असतील, लिहिताना अक्षरं गाळत असेल, डोकं दुखतं म्हणत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. डोळे ठीक असूनही दोन-चार महिन्यांत काही फरक दिसला नाही तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे हुशार असूनही वाचणं-लिहिणं जड जातंय का याची, तपासणी करून घ्या. तालुक्याला नाही तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. हसरी पुस्तकं मुलाचा हुरूप टिकवतात, तपासणीचं काम ती करू शकत नाहीत.

आता चरित्रं. हे लिहिताना मला माझ्या मुलीची आठवण होते.

ती तुमच्या मुलाएवढी असताना मी तिला हिरव्या पुठ्ठ्याची एक वही करून दिली होती. प्रत्येक पुस्तक संपलं की त्यात नाव, लेखक आणि दहा ओळी सारांश. मला वाटायचं, मी तिला शिस्त लावतेय. पहिल्या दोन नोंदी भरभरून लिहिलेल्या होत्या, समासात बदकाचं चित्रसुद्धा होतं. पाचव्या नोंदीपासून प्रत्येक सारांशाचा शेवट एकच येऊ लागला, "या पुस्तकातून मला चांगला बोध मिळाला." अकरावी नोंद तिने पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून काढली होती. बारावी नाही. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं तिने शाळेबाहेरचं पुस्तक हातात धरलं नाही. ओसरीवर शंभर मुलांना पुस्तकं देणाऱ्या बाईच्या घरात हे घडलं. ती वही अजून माझ्या कपाटात आहे, आणि आजही ती उघडली की माझ्या पोटात कालवतं.

म्हणून कळकळीने सांगते: "दहा पानं चरित्राची, मग राक्षस" असा सौदा करू नका. त्या क्षणी चरित्र कडू औषध होतं आणि राक्षस त्यानंतरची साखर. मुलगा आयुष्यभर तसंच मानेल. चरित्रांचा संच त्याच्या हाताला लागेल अशा खालच्या कप्प्यात ठेवा आणि त्याबद्दल एक शब्दही बोलू नका. तुम्ही स्वतः मात्र वाचा. त्यात एखादा खोडकर प्रसंग सापडेल, मोठा माणूस लहानपणी आंब्याच्या झाडावरून पडलेला असेल, शाळेतून पळालेला असेल. तो जेवताना सांगा, आणि सांगून थांबा. पुढचं त्याने विचारलं तर कप्पा कुठे आहे ते त्याला माहीत आहे.

आता तुमची शेवटची ओळ.

तुम्ही खोलीत येता तेव्हा काय होतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मी अंदाज करते, चुकला तर माफ करा. तुम्ही विचारत असाल, "काय वाचतोयस? किती पानं झाली? काय कळलं सांग." दिवसभर दमून आलेल्या बापाला दुसरं सुचत नाही, आणि या प्रश्नांत प्रेमच असतं. पण मुलाला त्यात परीक्षा ऐकू येते. तो पुस्तक मिटतो कारण उत्तरपत्रिका तपासणाऱ्यापुढे कोणी हसत नाही. ती रशियन पोर आठवा, हसता हसता वडिलांच्या चेहऱ्याकडे बघणारी. तुमचा मुलगाही बघतो. त्याला काय दिसतं, ते तुम्हीच ठरवू शकता.

तेव्हा पहिले आठ दिवस वाचून दाखवूच नका. फक्त ऐकायला बसा. बहिणीला आधी सांगून ठेवा. तिची जागा घ्यायला जाऊ नका, ती तिने कमावलीय. काहीतरी हातात घ्या, मटार सोलायला घ्या, लसूण घ्या, नाहीतर कपड्यांच्या घड्या. रिकाम्या हाताने रोखून बघणारा बाप मुलांना जड जातो, लसूण सोलणारा चालतो. पहिल्या दिवशी पुस्तक मिटेल, तर मिटू द्या. तुम्ही लसूण सोलत राहा. बहिणीने पुन्हा सुरू करावं. हसू आलं तर हसा. नाही आलं तर ओढूनताणून हसू नका, मुलांना खोटं हसू लगेच कळतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला खरोखरचा प्रश्न विचारा. "हा राक्षस गुहेत का राहतो? मी आधीचं ऐकलं नाही." यात परीक्षा नाही, तुम्हाला खरंच माहीत नाही. चौथ्यांदा पुस्तक ऐकणारा पोरगा त्या घरातला राक्षसांचा सर्वांत मोठा जाणकार आहे. त्याला सांगू द्या, लांबण लावली तरी सांगू द्या. मुलाला आपल्या बापापेक्षा एखादी गोष्ट जास्त माहीत असणं, आणि बापाने ती मन लावून ऐकणं, याची चव त्याला एकदा कळली की पुस्तक मिटण्याची गरज उरणार नाही.

त्यानंतर वाचायला घ्याल तेव्हा पंधरा मिनिटं पुरे, पण रोज. तुम्ही आठला येता, तर साडेनऊ ठरवून टाका आणि त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. सावकाश वाचा, बहुतेक मोठी माणसं धावत वाचतात. विनोदाच्या आधी जरासं थांबा. विनोद समजावून सांगू नका. त्याला नाही कळला तर तो विचारेल, नाहीतर दोन वर्षांनी आपला आपण हसेल. आणि ऐन रंगात आलं असताना, राक्षस दार ढकलतोय अशा जागी, खूणपट्टी घालून पुस्तक त्याच्या उशाशी ठेवा आणि दिवा त्याच्या हाताशी राहू द्या. सकाळी खूणपट्टी पुढे सरकलेली दिसली तर काही बोलू नका.

पुढचं पुस्तक त्याला निवडू द्या. इंग्लंडमध्ये स्टॅन्ली अनविन नावाचे प्रकाशक होते. मुलांच्या पुस्तकाचा उत्तम पारखी मूलच, असं ते मानत. 1936 साली टॉल्कीन यांच्या 'द हॉबिट' या कादंबरीचं हस्तलिखित आलं तेव्हा त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं आणि लेखी अभिप्रायाचा एक शिलिंग मेहनताना दिला. पोराने पसंती दिली आणि पुस्तक निघालं. दहा वर्षं, म्हणजे तुमच्या मुलाचंच वय.

पुस्तकांवर फार खर्चही नको. 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवलेत. त्यांत इतक्या भन्नाट गोष्टी आहेत की वर्षभर पुरतील. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरही मराठी गोष्टी फुकट मिळतात. त्या लहान मुलांसाठी जास्त बऱ्या, पण अडखळणाऱ्या मुलाला एका बैठकीत अख्खं पुस्तक संपवल्याचा आनंद देतात. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बालविभागाचं कुलूप उघडायला लावा, पुष्कळ ठिकाणी ते फक्त कोणी मागत नाही म्हणून बंद असतं. सुट्टीत पाचगणीजवळच्या भिलारला जा, तुम्हाला लांब नाही. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली असतात आणि बालसाहित्याला वेगळी जागा आहे. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत गेलात तर दुहेरी फायदा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जुन्या विनोदी पुस्तकांत काळ्या रंगाला, जाडेपणाला, तोतरेपणाला हसलेलं सापडतं. असं काही आलं की मी वाचता वाचता थांबते आणि सरळ म्हणते, "हे मला नाही आवडलं." तेवढं पुरतं. बळकटाची फजिती करणारा विनोद आणि दुबळ्याला टोचणारा विनोद यांतला फरक तुमच्या मुलाला तुमच्याकडूनच कळेल.

हेच दुखणं असलेल्या इतर वाचकांसाठीही थोडं लिहिते. रात्रपाळी असेल, नोकरी परगावी असेल, तर पुस्तकाच्या दोन प्रती घ्या आणि फोनवरून रोज चार पानं वाचा. दोघांच्या हातात तेच पान असणं महत्त्वाचं. मुलं इंग्रजी माध्यमात असतील किंवा तुम्ही महाराष्ट्राबाहेर, देशाबाहेर असाल आणि मुलाला मराठी ऐकून कळतं पण वाचता येत नसेल, तर वाचायचा आग्रह थोडा बाजूला ठेवा. आधी दोन-तीनशे रात्री मराठीत हसू द्या. ज्या भाषेत आपण हसलो ती मुलाला परकी वाटत नाही, आणि अक्षरं त्यानंतर कधीही शिकता येतात. आणि ज्या आईबापांना स्वतःला वाचायला अवघड जातं, त्यांनी भोपळ्याची गोष्ट तोंडी सांगावी, आणि मधली 'टुणुक टुणुक' मुलाला म्हणू द्यावी.

राहिला तुमचा ता. क. तुम्हाला आवाज काढता येत नाहीत. काढू नका. तुमच्या रोजच्या आवाजात वाचा. हा माणूस दिवसभर दुसऱ्याच कामाला जातो आणि रात्री माझ्यासाठी राक्षस वाचतो, एवढं मुलाला पुरेल. आणि अगदीच अडलं, राक्षस डरकाळी फोडतो अशी ओळ आली, तर पुस्तक त्याच्याकडे सरकवा आणि विचारा, "हा कसा ओरडतो रे?"